तोटा सोसण्याची विद्या : दीर्घ आजार आणि ताय ची

व्यापारी घरात तोट्याचा उच्चार सहसा होत नाही. संध्याकाळी दुकान बंद करतानाही ‘दुकान वाढवले’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. अशुभ शब्द तोंडातून जाऊ नये, हा त्यामागचा संस्कार. आजारपणाच्या बाबतीतही पुष्कळ घरांत हीच रीत चालते. कर्त्या पुरुषाला कंपवाताने गाठले किंवा गृहिणीचे हृदय दुबळे झाल्याचे निदान झाले, की पहिले काही महिने ती गोष्ट बाजारपेठेपासून आणि सोयऱ्याधायऱ्यांपासून लपवण्यात जातात. पुढे औषधे सुरू होतात, विश्रांतीचा सल्ला मिळतो, पेढीवरची गादी मुलाकडे जाते. सकाळची गोळी आणि रात्रीची गोळी यांच्यामध्ये मात्र अख्खा दिवस उरतो. त्या दिवसाचे काय करायचे, हे कोणीच सांगत नाही.

ज्या विद्येचा पहिला पाठच तोटा सोसण्याचा आहे, अशी एक युद्धविद्या चीनमध्ये जन्मली. तिचे नाव ताय ची, पूर्ण नाव ताय ची च्वान. जगभरातील बागांमध्ये पहाटे संथ लयीत हात फिरवणारी वृद्ध मंडळी छायाचित्रांतून अनेकांनी पाहिली असतील. हा केवळ व्यायामप्रकार असावा असा समज त्यामुळे होतो. वास्तविक त्या संथ हालचालींतील प्रत्येक हालचाल ही मूळची चढाई किंवा बचाव आहे. या विद्येचे सर्वांत जुने ज्ञात घराणे चीनच्या हनान प्रांतातील छन कुटुंबाचे. त्या घराण्याबाहेरच्या यांग लूछान (१७९९-१८७२) यांनी ती आत्मसात केली आणि बीजिंगमध्ये नेली. त्यांचे नातू यांग छंगफू (१८८३-१९३६) यांनी तिला आज दिसणारे संथ, एकसारख्या गतीचे रूप दिले. २०२० मध्ये युनेस्कोने ताय चीचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

क्षयाने घडवलेला शिष्य

यांग छंगफू यांच्या शिष्यांत चेंग मान-चिंग हे नाव विशेष प्रसिद्ध आहे. त्यांचा जन्म १९०२ मधील, चीनच्या पूर्व किनाऱ्यावरील झेजियांग प्रांतातला. पिंडाने ते मल्ल नव्हते. चित्रकला, सुलेखन, काव्य आणि चिनी वैद्यक या चार विद्यांत त्यांनी नाव मिळवले. ताय ची ही पाचवी. म्हणून त्यांना ‘पाच विद्यांचा स्वामी’ असे म्हटले जाई. शांघायमध्ये ते चित्रकला शिकवीत. तारुण्यातच त्यांना क्षयाने ग्रासले आणि खोकल्यातून रक्त पडू लागले.

त्या काळी क्षयाचे निदान म्हणजे काय होते, हे आज समजणे अवघड आहे. या रोगावर परिणामकारक ठरलेले पहिले औषध स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये प्रयोगशाळेत सापडले. त्यापूर्वी मोकळी हवा, सकस आहार आणि विश्रांती यांपलीकडे वैद्यांच्या हाती फारसे काही नव्हते. अशा अवस्थेत चेंग यांनी ताय चीची कास धरली आणि पुढे यांग छंगफू यांच्याकडे शिक्षण घेतले. प्रकृती सुधारली. त्याचे श्रेय ते आयुष्यभर ताय चीला देत राहिले.

येथे थोडे थांबून हिशेब नीट मांडला पाहिजे. क्षयाचे काही रोगी औषधाविनाही बरे होत, तर पुष्कळ दगावत. एका माणसाच्या अनुभवावरून सर्वांसाठी निष्कर्ष काढता येत नाही. दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. ज्यांच्याकडून चेंग ही विद्या शिकले, ते यांग छंगफू या विद्येतील निःसंशय श्रेष्ठ पुरुष होते, तरी पन्नाशी ओलांडल्यावर थोड्याच वर्षांत त्यांचे निधन झाले. ताय ची म्हणजे दीर्घायुष्याची हुंडी नव्हे. आज क्षयावर परिणामकारक औषधोपचार उपलब्ध आहे आणि त्याला कोणताही व्यायाम पर्याय नाही.

तरीही चेंग यांचा आजार त्यांच्या शिकवणीला एक वेगळे वळण देऊन गेला, हे नाकारता येत नाही. युद्धकाळात, १९३७-३८ च्या सुमारास, थोड्या अवधीत अनेकांना शिकवण्याची निकड निर्माण झाली, तेव्हा त्यांनी गुरूंचा लांबलचक क्रम आटोपशीर करून सदतीस आसनस्थितींवर आणला. यांग घराण्याच्या दीर्घ क्रमाला साधारण वीस मिनिटे किंवा अधिक वेळ लागतो. चेंग यांचा क्रम सात ते दहा मिनिटांत पूर्ण होतो. दुबळ्या, व्यग्र आणि वयस्क माणसाला झेपेल असे हे रूप होते. १९४९ मध्ये ते तैवानला गेले. १९६४ च्या सुमारास न्यूयॉर्कला येऊन तेथील चिनी वस्तीत त्यांनी अमेरिकी विद्यार्थ्यांना शिकवले. १९७५ मध्ये तैवानमध्ये त्यांचे निधन झाले.

तोटा सोसणे म्हणजे काय

ताय चीमध्ये एकट्याने करावयाच्या क्रमाबरोबर दोघांनी मिळून करावयाचा एक अभ्यास असतो. चिनी भाषेत त्याला ‘तुई शोउ’ म्हणतात. अर्थ, हातांनी ढकलणे. दोघे समोरासमोर उभे राहतात, मनगटे एकमेकांना टेकलेली असतात. एकाने हलकेच रेटायचे, दुसऱ्याने तो रेटा ओळखून त्याला वाट करून द्यायची. नवशिक्या साहजिकच उलट जोर लावतो. जोराला जोर भिडला की जो बलवान तो जिंकतो आणि शिकण्याचे काहीच घडत नाही.

चेंग विद्यार्थ्यांना सांगत की आधी तोटा सोसायला शिका. चिनी शब्दांचा शब्दशः अर्थ ‘तोटा खाणे’ असा होतो. इंग्रजी भाषांतरांतून ही शिकवण ‘तोट्यात गुंतवणूक’ अशा अर्थाने जगभर पोहोचली. समोरचा ढकलतो आहे तर ढकलू द्यावे, तोल जातो आहे तर जाऊ द्यावा. आपला तोल नेमका कोठून जातो, कोणत्या सांध्यात ताठरपणा आहे, भय कोठे दडले आहे, हे त्या हरण्यातूनच कळते. आरंभी हरण्याची तयारी नसलेला माणूस पुढे कधीच मऊ होत नाही, आणि मऊ झाल्यावाचून ही विद्या येत नाही. त्यांच्या लेखनात विद्यार्थ्याने बाळगावयाच्या तीन निर्भयता सांगितल्या आहेत : कष्टाचे भय नसावे, तोट्याचे भय नसावे आणि समोरच्याच्या उग्रपणाचे भय नसावे.

जुन्या पेढ्यांना हा विचार परका वाटू नये. बुडीत येणे वर्षानुवर्षे खातेवहीत येणे म्हणून ओढत नेणारा व्यापारी स्वतःचीच फसवणूक करतो. ते एकदा निर्लेखित केले, की हाती असलेले खरे भांडवल किती, हे स्पष्ट दिसते आणि उरलेल्या भांडवलावर व्यवहार सुरू करता येतो. आजाराचेही तसेच आहे. काल जिना चढता येत होता, आज येत नाही. ही खोट मान्य केल्याशिवाय आज काय करता येईल, याचा विचारच सुरू होत नाही.

कंपवात आणि तोल

आजारी माणसाच्या बाबतीत ‘तोल’ हा शब्द अगदी शब्दशः घ्यावा लागतो. कंपवात, म्हणजेच पार्किन्सन. लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या रोगाचे पहिले सविस्तर वर्णन केले. मेंदूच्या खोल भागातील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. हातांना कंप सुटतो, स्नायू ताठरतात, हालचाली मंदावतात. निरोगी माणसाचे चालणे आपोआप घडते. चालताना तो उधारीचा विचार करू शकतो. कंपवाताच्या रोग्याचे हे आपोआपपण हरपते. पावले अडखळतात, वळताना पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. लेव्होडोपा या औषधाने ताठरता आणि मंदपणा बराच कमी होतो, पण तोल सावरण्याच्या बाबतीत औषधाचा उपयोग त्या मानाने मर्यादित असतो.

येथे एक दुष्टचक्र सुरू होते. एकदा पडल्यावर मनात भीती बसते. भीतीपोटी माणूस बसून राहतो आणि कुटुंबीयही प्रेमाने त्याला उठू देत नाहीत. बसून राहिल्याने पायांचे स्नायू क्षीण होतात आणि पुढच्या वेळी पडण्याचा संभव वाढतो.

ताय चीची रचना नेमकी या ठिकाणी उपयोगी पडते. गुडघे किंचित वाकलेले, पाठीचा कणा सरळ, खांदे सैल. शरीराचा सर्व भार आधी एका पायावर घ्यायचा. तो पाय ‘भरलेला’, दुसरा ‘रिकामा’. रिकामा पाय उचलून पुढे, मागे किंवा बाजूला ठेवायचा आणि मगच, तराजूचे पारडे सावकाश खाली यावे तसा, भार त्याच्यावर सरकवायचा. पाऊल आधी पडते, भार नंतर जातो. प्रत्येक हालचालीकडे जाणीवपूर्वक लक्ष द्यावे लागते. जे आपोआप होईनासे झाले, ते लक्षपूर्वक करण्याचा हा सराव आहे. शिवाय तोल जाण्याच्या सीमेपर्यंत शरीर नेऊन तेथून परत आणण्याचा अभ्यास घडतो. घरात दिवाणखान्यापासून स्नानगृहापर्यंत जाताना त्याच कौशल्याची गरज असते.

या अनुभवाची शास्त्रीय कसोटीही झाली आहे. अमेरिकेतील ओरेगन रिसर्च इन्स्टिट्यूटचे फुझोंग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सौम्य ते मध्यम कंपवात असलेल्या १९५ रुग्णांचे तीन गट करण्यात आले. एका गटाने ताय ची केले, दुसऱ्याने वजने बांधून स्नायूंचा व्यायाम केला, तिसऱ्याने केवळ ताणाचे व्यायाम केले. आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी एक तास, असे २४ आठवडे हे चालले. तोल सांभाळण्याच्या चाचण्यांत ताय चीचा गट इतर दोन्ही गटांपेक्षा सरस ठरला. पडण्याचे प्रमाण ताणाच्या व्यायामांच्या गटापेक्षा कमी झाले. वजनांच्या गटाशी तुलना करता मात्र तसा ठळक फरक आढळला नाही. वर्ग संपल्यावर तीन महिन्यांनीही लाभ टिकून होता.

जमा आणि नावे

लाभाची बाजू मांडताना नावे बाजूही दाखवणे प्रामाणिकपणाचे ठरते. बोस्टनमध्ये ग्लोरिया ये आणि सहकाऱ्यांनी हृदयाची कार्यक्षमता घटलेल्या १०० रुग्णांवर केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांच्या ताय चीनंतर, सहा मिनिटांत चालता येणारे अंतर आणि शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता या दोन मोजमापांत, केवळ आरोग्यशिक्षण घेतलेल्या गटाच्या तुलनेत विशेष फरक पडला नाही. हृदय काही नव्याने बलवान झाले नाही. मात्र रुग्णांची मनःस्थिती, दैनंदिन जीवनाविषयीचे समाधान आणि ‘आपण व्यायाम करू शकतो’ हा विश्वास यांत स्पष्ट सुधारणा दिसली.

हे फळ क्षुल्लक समजू नये. दीर्घ आजारात माणूस सर्वांत आधी गमावतो तो हा विश्वास. दिवसभर त्याच्यासाठी इतर लोक काहीतरी करीत असतात : कोणी औषध देतो, कोणी तपासतो, कोणी हात धरतो. ताय चीच्या त्या दहा मिनिटांत तो रुग्ण नसतो, विद्यार्थी असतो. आज डावा पाय कालपेक्षा सावकाश टेकला, एवढीही प्रगती त्याची स्वतःची कमाई असते.

कंपवात, हृदयरोग किंवा कर्करोग ताय चीने बरा होतो, असे सांगणाऱ्यांपासून मात्र सावध राहावे. औषध बंद करून हा अभ्यास करा, असे कोणी सुचवले तर तो शिक्षक त्याच दिवशी सोडावा.

अहिंसेच्या उपासकाने युद्धविद्या शिकावी काय?

जैन कुटुंबात हा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. आपल्या परंपरेत हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले जातात. श्रावकाने संकल्पी हिंसा, म्हणजे बुद्धिपुरस्सर जीवाला इजा करणे, सर्वथा वर्ज्य मानावी. स्वरक्षणासाठी घडणारी विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्णतः टाळता येत नाही, हे शास्त्रकारांनी ओळखले आहे. रुग्णाच्या ताय चीमध्ये तर समोर शत्रूच नसतो. रेट्याला रेट्याने उत्तर न देण्याचाच तेथे अभ्यास आहे.

ताय ची ही वेगळ्या भूमीतील, वेगळ्या तत्त्वज्ञानातून आलेली विद्या आहे. तिला जैन साधनेचे नाव देणे उचित होणार नाही. कायोत्सर्गात देहाविषयीचे ममत्व सोडण्याचे ध्येय असते. ताय चीचे ध्येय देह सुस्थितीत राखण्याचे आहे. तरीही ज्या घरात कायोत्सर्गासाठी निश्चल उभे राहण्याचे आणि अठ्ठेचाळीस मिनिटांची सामायिक नेमाने करण्याचे संस्कार आहेत, त्या घरातील माणसाला रोज ठरल्या वेळी शांतपणे उभे राहणे अवघड जाऊ नये. मुनिजनांसाठी सांगितलेली ईर्यासमिती, म्हणजे चार हात पुढची भूमी पाहून सावधपणे पाऊल टाकणे, ही सूक्ष्म जीवांच्या रक्षणासाठी आहे. पण पाऊल किती सावधपणे टाकता येते, याचा आदर्श आपल्याला पायविहार करणाऱ्या साधुसाध्वींच्या रूपाने घरबसल्या दिसत आला आहे. बावीस परीषहांत रोग हाही एक परीषह गणला आहे. असाता वेदनीय कर्माचा उदय समभावाने सोसावा, हे शिकवणारा धर्म हातपाय गाळून बसण्यास सांगत नाही. समभाव आणि पुरुषार्थ यांत विरोध नाही.

आरंभ करताना

उपचार करणाऱ्या डॉक्टरांची अनुमती घेऊनच आरंभ करावा. अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल, छातीत दुखत असेल, अस्थी ठिसूळ झाल्या असतील किंवा भोवळ येत असेल, तर ते आवर्जून सांगावे. शिक्षक निवडताना तो रुग्णाच्या मर्यादा विचारतो की नाही, हे पाहावे. पुस्तकावरून किंवा चित्रफितीवरून एकट्याने आरंभ करणे आजारी माणसासाठी धोक्याचे आहे.

कंपवाताच्या रुग्णाने औषधाचा परिणाम चांगला जाणवत असेल, त्या वेळेत सराव करावा. पाठीमागे भिंत आणि हाताशी पाठीची जड खुर्ची असावी. जमीन कोरडी असावी, सतरंजी किंवा पायपुसणे नसावे. उभे राहणे अशक्य असेल, तर खुर्चीत बसून वरच्या अंगाच्या हालचाली करता येतात. गुडघे दुखत असतील तर कमी वाकावे. आरंभी पाच मिनिटे पुरेशी आहेत.

मधुमेह असलेल्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. नवकारशी पाळणारे सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे काही घेत नाहीत आणि पहाटेची वेळ सरावाला सोयीची वाटते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना उपाशीपोटी श्रम केल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. अशांनी नवकारशी पारल्यानंतर, अल्पाहारानंतर काही वेळाने सराव करावा. पर्युषणातील तपस्येच्या दिवसांत सराव आणि औषधांचे प्रमाण याविषयी डॉक्टरांचा सल्ला आधीच घ्यावा.

शेवटी कुटुंबाविषयी. आपल्या सहा अभ्यंतर तपांत वैयावृत्त्याची, म्हणजे सेवेची, गणना होते. सेवा म्हणजे रुग्णाला बसवून सर्व काही हातात देणे, असा अर्थ नकळत रूढ झाला आहे. घरातील एखाद्या सुनेने, मुलाने किंवा नातवाने रोज दहा मिनिटे रुग्णाच्या शेजारी उभे राहून त्याच संथ हालचाली त्याच्याबरोबर कराव्यात. तोल गेलाच तर हात जवळ असावा, पण तो जाण्याआधी धरू नये. आजाराने नेले ते गेले. त्याची नोंद एकदा करून ठेवावी. शिल्लक राहिलेल्या शक्तीचा रोजचा विनियोग मात्र रुग्णाच्या स्वतःच्या हाती राहू द्यावा.